चिठ्ठीतलं तिसरं वाक्य

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी अशोक काळबांडे आर्वीहून आला. पिपरी मेघेतल्या वंदनाच्या सायबर कॅफेत त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि शालिकराव झाड्यांच्या समोर ठेवली. शालिकरावांनी ती वंदनाला वाचायला सांगितली. तिने वाचली. मी तिथे होतो. त्या दिवसानंतर शालिकरावांनी कोणत्याही नावाचं मोल केलं नाही.

ती चिठ्ठी मी टाइप केलेली होती.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागच्या जागी ठेवणं, एवढं मला नीट जमतं. शालिकभाऊंचं चरित्र लिहावं इतकी माहिती माझ्यापाशी नाही. ते मूळचे आंजीचे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढची तीसेक वर्षं त्यांनी वर्ध्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रतवारी केली. आमची आणि त्यांची भिंत एक होती. त्या भिंतीतून जे ऐकू आलं आणि नंतर वंदनाच्या दुकानात जे पाहिलं, तेवढंच माझं.

त्यांना कामावर मी एकदाच पाहिलं. जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या बैलगाड्या लागल्या होत्या. शालिकभाऊ गाडीपाशी जायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातून चिमूटभर कापूस काढायचे. वरच्या कापसाकडे ढुंकून बघत नसत. "वरचा पाहुण्यायसाठी असते," म्हणायचे. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत तो कापूस ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, सगळे तंतू एका दिशेने सरळ होईपर्यंत. खिशात पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा असायचा, त्यावर काळं मखमली कापड चिकटवलेलं. त्या काळ्यावर ते तंतू निजवायचे आणि अंगठ्याच्या नखाने लांबी बघायचे. हे सगळं अर्ध्या मिनिटात. मग चिठ्ठीवर प्रत लिहून चिठ्ठी गाडीवाल्याच्या हातात. तोंडाने एक शब्द नाही, आणि मान वर नाही.

मान वर का करत नाही, असं मी नंतर कधीतरी विचारलं होतं.

"तोंड पाह्यलं का माल दिसत नाई, सर," ते म्हणाले. "मालकाच्या तोंडावर पोरीचं लगन असते, दवाखाना असते. कापसात ते नसते. आपल्याले कापसाचं लिहाचं हाय."

याची झळ त्यांच्या घरालाही बसली. सुमनवहिनींचा धाकटा भाऊ बंडू आंजीला शेती करायचा. एका हंगामात त्याची गाडी जिनिंगला आली आणि शालिकभाऊंनी चिठ्ठीवर फरतड लिहिलं. फरतड म्हणजे शेवटच्या वेचणीचा, हलका कापूस. संध्याकाळी बंडू बहिणीकडे चहाला आला आणि भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज चढला.

"माह्या भावाच्या कापसाले फरतड लिहिलं तुमी?"

"त्याची गाडी होती काय ते?"

"एवढा सहा फुटाचा माणूस उभा, दिसला नाई तुमाले?"

"कापूस दिसला मले."

"मंग आज जेवाले बी कापूसच घ्या."

यावर बंडूच हसत म्हणाला, "राहू दे वं ताई. फरतडच होता तो. वरून चांगला लावून पाह्यला, पन भाऊजीचा हात तळात गेला ना."

नव्वदचं दशक संपता संपता ती जिनिंग बंद झाली. शालिकभाऊंचं वय काही निवृत्तीचं नव्हतं, पण दुसरीकडे कुठे ते गेले नाहीत. रोज अकरा वाजता पांढरा शर्ट घालून वंदनाच्या दुकानात येऊन बसायचे. वंदना बी.कॉम. झालेली, तोंडाने फटकळ, आणि हिशोबी. वडिलांचा एसटीडी बूथ तिने हातात घेतला होता आणि त्यात दोन कॉम्प्युटर टाकून बाहेर सायबर कॅफेची पाटी लावली होती. कापसाचे भाव विचारायला शालिकभाऊ पूर्वी तिच्याकडून मुंबईला नि गुजरातला फोन लावत. आता भाव विचारायचं कारण उरलं नव्हतं, तरी बाकावरची जागा त्यांचीच होती. मी कॉलेज सुटल्यावर ई-मेल पाहायला तिथे जात असे.

एके दिवशी वंदनाने पेपरातून मान वर काढली. "भाऊ, अमेरिकेत एक नाव विकलं म्हणते. नुसतं नाव. करोडोत."

"माल कुठी हाय?"

"माल नाई. वेबसाइटचं नाव हाय ते. जसा घराचा पत्ता."

"पत्ता विकला, अन् घर?"

"घर बांधलंच नाई अजून."

शालिकभाऊंनी पेपर स्वतःकडे ओढून ती बातमी पाहिली. मग म्हणाले, "मंग ज्यानं भाव केला त्यानं काय पाह्यलं असन वं?"

आम्हा दोघांनाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी त्यांना जमेल तसं समजावलं. इंटरनेटवर एक नाव एकालाच मिळतं. ज्याने आधी नोंदवलं त्याचं. दरवर्षी थोडी फी भरत राहिलं की ते त्याच्याकडेच राहतं, आणि दुसऱ्याला हवं असेल तर तो मागेल त्या किमतीला घ्यावं लागतं. म्हणून लोक चांगली चांगली नावं आधीच अडवून बसलेत. कोणतं नाव केवढ्याचं हे मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. इंटरनेटवर असे शौकीन एकमेकांना विचारतात, माझ्या नावाचं किती येईल, आणि जो तो मनाला येईल तो आकडा सांगतो.

"म्हणजे ग्रेडर नाई तिथं," शालिकभाऊ म्हणाले. "निरे व्यापारीच हायेत."

त्या आठवड्यातच त्यांनी घरून मुलीची जुनी पाटी आणली.

त्यांची पद्धत मी पुढे दोन-अडीच वर्षं जवळून पाहिली. मोलासाठी आलेलं नाव ते आधी पाटीवर खडूने लिहायचे, मराठीत आणि खाली इंग्रजी अक्षरांत, आणि पाटी दुकानाबाहेर खिळ्याला टांगायचे. मग बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे कान. किती जण थांबून वाचतात, वाचून काय म्हणतात. दुसरी परीक्षा फोनची. आंजीची लाइन फार खरखरायची, म्हणून मुद्दाम तिथलाच नंबर लावायचा आणि बंडूला नाव सांगायचं.

"ध्यानात ठेवजो. परवा विचारतो."

"भाऊजी, लोक फोनवर कापसाचा भाव सांगते," बंडू इतक्या मोठ्याने बोलायचा की आम्हाला बाहेर ऐकू यायचं. "तुमी नावं काऊन सांगून राह्यले?"

परवाच्या दिवशी बंडूला नाव आठवलं तर एक खूण. मग शालिकभाऊ मला सर्चमध्ये ते नाव घालायला लावत. त्याच्यासारखी आणखी किती नावं आहेत, ती कोणी घेतलीत, त्यांवर खरंच दुकानं चालतात की नुसती अडवलेली आहेत. "शेजारच्या वावरात काय पेरलं ते पाहा," म्हणायचे. तळात हात घालणं ते हेच असावं.

एकदा मोलासाठी 'ताजी भाजी' असं नाव आलं होतं. पाटी टांगून तासही झाला नसेल, तोच पिपरीतली एक भाजीवाली आली, पाटीकडे पाहिलं, डोक्यावरची टोपली पाटीखाली उतरवली आणि तिथेच बसली. वंदना उठवायला निघाली तर शालिकभाऊंनी हाताने थांबवलं. दुपारपर्यंत वांगी, मेथी, सांबार-कोथिंबीर सगळं विकून बाई उठली. जाताना म्हणाली, "उद्या बी लावजा बाप्पा ती पाटी." शालिकभाऊंनी कागदावर लिहिलं, नाव चांगलं आहे, टोपली रिकामी झाली. हैदराबादच्या ज्या गृहस्थांचं ते नाव होतं, त्यांना मी हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत कळवलं. त्यांनी उलट साठ नावांची यादी पाठवली. सगळ्यांच्या आधी एकच इंग्रजी अक्षर लावलेलं. शालिकभाऊंनी यादी पाहून कपाळाला हात लावला. "यानं एकाच पऱ्हाटीच्या झाडाचे साठ बोंडं साठ पोत्यात भरले. एक ठेवा म्हणा, बाकीचे सोडून द्या."

अशा खऱ्या उत्तरांमुळेच की काय, त्यांचं नाव झालं. म्हणजे वर्ध्यात नाही, वर्ध्यात लोक त्यांना पाटीवाले म्हणून हसायचे. पण दूरदूरच्या गावांहून मेल यायचे. ते नावामागे ठरलेली फी घ्यायचे, नाव लाखाचं असो की फुकाचं. वंदना म्हणायची, किमतीवर टक्का घ्या. "टक्का घेतला का भाव आपोआप चढते," ते म्हणायचे. आणि स्वतः एकही नाव त्यांनी कधी घेतलं नाही. एकदा एक फार सुरेख नाव त्यांना स्वतःलाच सुचलं. मी पाहिलं तर कोणी नोंदवलेलंही नव्हतं. वंदना उतावीळ झाली.

"भाऊ, घेऊन टाका ना! पैसे माह्याकडचे."

"ज्याचं मोल आपण करतो ते आपण ठेवत नाई."

"तुमाले काय करा लागते मोल त्याचं? नुसतं घ्या."

"घेतलं का मोल होतेच डोक्यात," ते म्हणाले आणि पाटी पुसून टाकली. पुढे तेच नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलं आणि चांगल्या किमतीला विकलं. वंदनाने ती बातमी त्यांना दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "भाव बरोबर आला काय पन?" आणि बरोबर आला म्हटल्यावर ते खूश झाले.

आता चिठ्ठीबद्दल. मोल ते तोंडी कधीच सांगत नसत, मालक समोर बसलेला असला तरी. तोंडी सांगितलं की घासाघीस सुरू होते, असं त्यांचं म्हणणं. चिठ्ठीच द्यायची, आणि ती इंग्रजीत, कारण पुढे लोकांना ती दाखवायची असायची. ते वऱ्हाडीत सांगायचे, मी वहीत मराठीत कच्चं उतरवायचो, मग इंग्रजीत टाइप करायचो, वंदनाचा प्रिंटर कर्कश आवाज करत ती छापायचा. प्रत्येक चिठ्ठीत तीनच वाक्यं. पहिलं नावाबद्दल, दुसरं भावाबद्दल, तिसरं विचारणाऱ्यासाठी, त्याने काय करावं याबद्दल. तिसरं वाक्य सांगताना ते नेहमी थांबायचे, पाटीकडे पाहायचे, मग सांगायचे. सही मराठीत करायचे. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत, वाक्यं समजत नसत. म्हणून सहीआधी दर वेळी विचारायचे, "तिन्ही आले ना, सर?"

मी म्हणायचो, आले. आणि ते सही करायचे.

अशोक काळबांडे माझा वर्गमित्र. आर्वीत त्याचं वह्या-पुस्तकांचं, स्टेशनरीचं दुकान होतं. वडिलांनी घेतलेला गाळा, शाळेसमोरचा. त्या दिवसांत सगळीकडे डॉट कॉमचं वारं होतं आणि ते आर्वीतही पोचलं होतं. दिल्लीच्या एका माणसाकडे एक नाव विकायला होतं. रोजच्या वापरातला हिंदी शब्द, बाजाराशी संबंध असलेला. ते नाव मी इथे लिहीत नाही, आज ते तिसऱ्याच कोणाचं आहे. अशोकला ते हवं होतं. आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. सोबत बायको, मंदा, आली होती. ती सारा वेळ हातातली पिशवी धरून बसली होती.

शालिकभाऊंनी पाटीकडे पाहत त्याला एकच विचारलं, "घेनार कशानं?"

"गाळा हाय ना भाऊ. गिऱ्हाईक बी पाहून ठेवलं." अशोक हसला. "एक वर्षात तसे तीन गाळे घेतो."

शालिकभाऊंनी पाटी बाहेर टांगली. चार दिवसांनी या म्हणाले.

चार दिवसांनी अशोक एकटाच आला. दुकानात शिरण्याआधी त्याने मला समोरच्या टपरीवर चहा पाजला.

"ही चिठ्ठी घरी दाखवाची हाय यार," तो म्हणाला. "मंदा म्हणते, चिठ्ठी पाह्यल्यावरच हो म्हणीन. जास्त काही लिहू नको बे. भाव काय तो लिही. बाकी मी पाहून घेतो."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

आत शालिकभाऊंनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. पहिलं वाक्य: नाव चांगलं आहे, एकदा ऐकलं की राहतं. दुसरं: मागितलेला भाव आजच्या बाजारात वाजवी आहे. मग ते थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिसरं: दुकान विकून हे नाव घेऊ नये, कारण नावात बसून वह्या विकता येत नाहीत.

मी पहिली दोन वाक्यं टाइप केली. तिसऱ्यापाशी माझी बोटं थांबली. अशोक बाहेर उभा होता, काचेतून दिसत होता, आणि त्याने माझ्याकडे पाहून हात केला. मला वाटलं, नाव चांगलं आहे, भाव वाजवी आहे, हे तर खरंच आहे. खरं तेवढं लिहिलं आहे. सल्ला देणारे आपण कोण? मोठा माणूस आहे, आपलं आपण पाहील. इतकं सगळं मला तेवढ्या वेळात वाटलं. मी कागद छापायला दिला.

"तिन्ही आले ना, सर?"

"आले."

त्यांनी सही केली.

अशोकने गाळा विकला आणि नाव घेतलं. पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाच्या आत त्या बाजाराची हवा गेली. दिल्लीच्या, मुंबईच्या ज्या कंपन्या अशी नावं घेत होत्या त्यांनीच आपली दुकानं गुंडाळली. अशोकने विकायला काढलं तेव्हा मागायला कोणी आलं नाही. मंदाने घरी पापड-शेवया सुरू केल्या. अशोक त्याच्याच गाळ्यात, नव्या मालकाच्या हाताखाली, काउंटरवर उभा राहू लागला. हे मला आर्वीहून येणाऱ्या एका प्राध्यापकाकडून कळलं. मी शालिकभाऊंना सांगितलं नाही.

आणि मग तो बुधवार आला.

अशोक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चिठ्ठी बाकावर ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या चिठ्ठीवर गेलं माह्यं दुकान."

शालिकभाऊंनी चिठ्ठी उचलली, सही पाहिली, आणि वंदनाकडे दिली. "वाच वं. मराठीत सांग."

वंदनाने वाचलं. नाव चांगलं आहे. भाव वाजवी आहे. ती थांबली, आणि कागद उलटून पाहिला. "एवढंच हाय, भाऊ."

"बस?"

"बस."

अशोक म्हणाला, "मी तुमाले सांगतलं होतं ना भाऊ, गाळा विकून घेतो म्हणून. तुमी ऐकलं होतं. एक वाक्य तं लिहाचं, का बाबा दुकान विकू नको. एक वाक्य. मंदा म्हणे, झाडेभाऊ एवढं खरं लिहिते, त्यायनं नको म्हणून नाई लिहिलं. म्हणून हो म्हणली ते."

मी कॉम्प्युटरपाशी बसलो होतो. दोन हातांचं अंतर होतं. ते वाक्य माझ्या वहीत होतं, आणि वही माझ्या पिशवीत होती. मला फक्त पिशवी उघडायची होती.

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अशोकच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना कोणाच्या तोंडाकडे असं पाहताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "लिहाले पाह्यजे होतं."

अशोकला बहुधा भांडण हवं होतं. ते न मिळाल्यामुळे तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग "जाऊ द्या" असं काहीतरी पुटपुटत बसच्या वेळेला निघून गेला. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. 

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शालिकभाऊ आले, खिळ्यावरची पाटी काढली, फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसली आणि घरी घेऊन गेले. मेल येत राहिले. वंदना उत्तर द्यायची, काम बंद आहे.

मी चार दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. सुमनवहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या.

"भाऊ, ते वाक्य मी गाळलं."

"मालूम हाय."

"मग तुम्ही तिथे सांगितलं का नाही?"

"सही कोणाची होती, सर?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तीस वर्षं कोणाच्या वरच्या कापसावर चिठ्ठी नाई लिहिली मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि मला तो शोधूनही सापडला नाही. "वंदनाकडून वाचून घेतली असती तं दोन मिनिटं लागले असते. नाई घेतली. तुमचं तोंड पाह्यलं अन् सही केली. चूक माहीच हाय ते."

मी म्हणालो, मी अशोकला सांगतो.

"सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं नाही. आर्वीला जायचं ठरवायचो आणि परीक्षा यायच्या, वर्षअखेरची पुस्तकमोजणी यायची. खरं म्हणजे तसं काही येत नव्हतं. मी जात नव्हतो. शालिकभाऊ भेटायचे, बोलायचे, कॉलेजात काय नवीन पुस्तकं आली ते विचारायचे. पण त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही आणि माझ्यासमोर दुसऱ्या कशाचंही मोल केलं नाही. वहिनींनी आणलेलं भाजीचं वांगंसुद्धा हातात घेऊन परत ठेवायचे. बरं आहे की वाईट, काही म्हणायचे नाहीत.

अशी काही वर्षं गेली. वंदनाचं दुकान आता मोबाइलच्या रिचार्जचं झालं होतं. शालिकभाऊंना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिनिंगची धूळ छातीत आहे, तिचं आता काही करता येणार नाही. त्यांनी खाट धरली तेव्हा मी शेवटी ते पत्र लिहिलं. मराठीत, हाताने. ते घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

ते उशाला टेकून बसले होते. उशीची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती आणि तिथून काढलेला चिमूटभर कापूस त्यांच्या अंगठ्यांत होता. ओढायचे, जुळवायचे, पुन्हा ओढायचे. काळा पुठ्ठा मांडीवर होता. वंदना आली होती, संत्री सोलत खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

"अशोकला पत्र लिहिलंय," मी म्हणालो. "वाचून दाखवू?"

त्यांनी मान डोलावली. मी वाचलं. अशोक, त्या चिठ्ठीत शालिकभाऊंनी तीन वाक्यं सांगितली होती. तिसरं होतं, दुकान विकून हे नाव घेऊ नये, कारण नावात बसून वह्या विकता येत नाहीत. ते मी गाळलं, त्यांनी नाही.

"तिन्ही आले ना, सर?" दम लागत लागत त्यांनी विचारलं.

"आले."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, पत्र हातात घेऊन पाहायचं असेल. त्यांनी ते घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता वंदनापुढे धरलं.

"वाच वं."

वंदनाने पदराला हात पुसले आणि पत्र वाचलं, पहिल्या शब्दापासून, सावकाश. ते डोळे मिटून ऐकत होते, बोटांतला कापूस तसाच. वाचून झाल्यावर म्हणाले, "बरोबर हाय. टाका." आणि पुन्हा कापूस ओढायला लागले.

मी खाली मान घालून बाहेर आलो आणि त्याच दिवशी पत्र पेटीत टाकलं.

शालिकभाऊ त्यानंतर आठ दिवसांनी गेले. तेरवीच्या आधी पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने निळ्या पेनने लिहिलं होतं, येथे राहत नाही. आर्वीला जाऊन मी विचारलं. दोन वर्षांपूर्वीच अशोक आणि मंदा नागपूरकडे गेले, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं. नागपूरमध्ये कुठे, ते कोणाला माहीत नव्हतं. काउंटरवर दुसराच कोणी उभा होता.

सुमनवहिनींनी मला तो काळा पुठ्ठा दिला. "तुमी लिहित होते ना त्यायचं," म्हणाल्या. मी घेऊ नये असं मला वाटलं, पण मी घेतला. मखमल मधोमध झिजली आहे.

पुठ्ठा, परत आलेलं पाकीट आणि वहीतलं ते पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. पानावर तीन वाक्यं आहेत.